निर्गुडीची परीक्षा

निर्गुडी हे ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आणि पडीक जागी आपोआप वाढणारे मोठे झुडूप आहे. त्याचे शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो. पूर्वी त्याची गणना व्हर्बिनेसी कुळात होत असे, आता ते तुळशीच्या लॅमिएसी कुळात धरले जाते. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात. पान तीन किंवा पाच पर्णिकांचे, वरून हिरवे आणि खालून पांढुरके, लवदार असते. फुले जांभळट निळी. पान चुरगळले की उग्र वास येतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकरी ते कुंपणाला लावतात. धान्यात कीड होऊ नये म्हणून पाला कणगीत घालतात, आणि बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यातही तो पडतो. सर्वांत रूढ उपयोग मात्र दुखण्यावरचा. घोटा मुरगळला, गुडघा सुजला, कंबर धरली की पाला तव्यावर गरम करून, वर एरंडेलाचे बोट फिरवून दुखऱ्या जागी बांधायचा. चरकसंहितेत निर्गुंडी कृमिघ्न द्रव्यांत येते; घरोघरची निर्गुडी मात्र सांधेदुखीची आहे.

या उपयोगाची प्रयोगशाळेत परीक्षा कशी होते, आणि त्या परीक्षेने नेमके काय सिद्ध होते, याविषयी दोन भूमिका आढळतात. पुढील संवाद कल्पित आहे. एक पक्ष कोकणातल्या एका वयोवृद्ध वैद्यांचा, दुसरा पुण्यात औषधगुणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा. विषय जसा क्रमाने तपासला जातो त्याच क्रमाने त्यांचे बोलणे येथे दिले आहे.

पहिला प्रश्न परीक्षेच्या गरजेचा.

वैद्य : बाई, पिढ्यान्‌पिढ्या लोक हा पाला बांधतायत. गुण आला नसता तर केव्हाच टाकून दिला असता की. आता त्याची परीक्षा उंदराने घ्यायची?

प्राध्यापिका : वैद्यबुवा, मुरगळलेला घोटा आठ-पंधरा दिवसांत बहुतेक वेळा आपसूकच उतरतो. पाला बांधला तरी उतरतो, नुसता पाय वर ठेवून पडून राहिलं तरी उतरतो. गुडघ्याचं तर आणखी अवघड. ते दुखणं कमीजास्त होत राहतं, आणि माणूस तुमच्या पायरीशी येतो तो दुखणं अगदी टोकाला गेलेलं असतं तेव्हा. त्यानंतर काहीही दिलं तरी उतारच दिसायचा. लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण गुण पाल्याचा की दिवसांचा, हे वापरणाऱ्याला वेगळं काढता येत नाही.

वैद्य : तुमचं ॲस्पिरिनसुद्धा एका झाडाच्या सालीतूनच निघालं ना?

हा दाखला खरा आहे आणि दोघांच्याही कामाचा आहे. इंग्लंडमधील पाद्री एडवर्ड स्टोन याने 1763 साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले, की विलो झाडाच्या सालीची पूड सुमारे 50 तापकऱ्यांना दिली आणि गुण आला. 1828 मध्ये म्युनिकला योहान बुख्नर याने सालीतून सॅलिसिन वेगळे केले. 1897 मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात तयार केले आणि 1899 पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. ते शरीरात करते काय, याचा उलगडा मात्र 1971 मध्ये झाला. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

प्राध्यापिका : स्टोनने ती साल का निवडली, तर विलो दलदलीत वाढतो आणि हिवतापही दलदलीतच होतो, तेव्हा रोगाजवळच औषध असणार, असं त्याला वाटलं. कारण साफ चुकलं, निरीक्षण खरं निघालं. लोकांचं निरीक्षण आणि त्यांनी दिलेलं कारण, दोन्ही वेगवेगळं तपासायचं ते एवढ्याचसाठी.

वैद्य : आणि कारण कळायला दोनशे वर्षं लागली, तोवर ॲस्पिरिन कुणी थांबवून ठेवलं नव्हतं. माझ्या निरगुडीला तेवढी तरी सवलत द्या.

वैद्यांचा हा मुद्दा टाळण्याजोगा नाही. औषध लागू पडते का आणि ते कसे लागू पडते, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावाचून मिळू शकते, आणि वैद्यकाच्या इतिहासात बहुधा तसेच मिळाले आहे.

परीक्षेची सुरुवात प्राण्यापासून नव्हे, झाडापासून होते. गोळा केलेल्या फांदीचा फुलासह दाबून वाळवलेला नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहालयात देऊन ओळख पटवावी लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे असे संग्रह आहेत. नमुन्याला क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधात तो छापला जातो. निर्गुडीच्या बाबतीत ही नुसती औपचारिकता नव्हे. याच प्रजातीगणातली, प्रामुख्याने तीन पर्णिकांची व्हायटेक्स ट्रायफोलिया ही जात किनाऱ्याच्या बाजूला आढळते, आणि वाळून चुरा झालेल्या पाल्यात दोघींचा फरक नजरेने कळत नाही.

प्राध्यापिका : गुळवेलीचं उदाहरण ताजं आहे. 2020 च्या साथीत लोकांनी गुळवेलीचे काढे प्यायले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. नमुना जपून ठेवलेला असता, तर असा वाद निम्म्यावर आला असता.

वैद्य : झाड ओळखलंत, पण तोडलंत केव्हा? फुलोरा आला की पाल्याचा जोर उतरतो. आम्ही फुलं यायच्या आधीचा जून पाला घेतो.

हे बोलणे कुणाला परंपरेचा हट्ट वाटेल, पण त्याला प्रयोगाचा आधार आहे. श्रीलंकेतील संशोधकांनी 2003 मध्ये निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजून सूज आणि वेदना या दोन्हींवर परिणाम नोंदवला. झाड फुलोऱ्यात असताना काढलेल्या पानांत सुजेच्या पहिल्या टप्प्यावरचा गुण त्यांना दिसला नाही. तरीही पाला कोणत्या महिन्यात आणि झाडाच्या कोणत्या अवस्थेत तोडला, हे न लिहिणारे निबंध आजही छापून येतात. या एका बाबतीत वैद्य प्रयोगशाळेपेक्षा काटेकोर ठरतात.

यानंतर अर्क. वाळवलेल्या पानांची भरड सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवून अल्कोहोलने, किंवा अल्कोहोल व पाण्याच्या मिश्रणाने, पुनःपुन्हा धुतात. द्रावक कमी दाबाखाली उडवले की गडद हिरवा, चिकट अर्क उरतो. निर्गुडीच्या पानांत कॅस्टिसिन आणि ल्युटिओलिनच्या जातीची फ्लॅव्होनॉइड द्रव्ये, ॲग्नुसाइड व नेगुंडोसाइड ही इरिडॉइड ग्लायकोसाइडे, आणि वासाला कारण असलेले उडनशील तेल असते. कोणते द्रावक घेतले यावर अर्कात यांतले काय उतरेल ते ठरते. वाळवताना आणि द्रावक उडवताना तेलाचा मोठा भाग निघून जातो.

वैद्य : म्हणजे वास गेला. मग उरलं ते निरगुडी कसली? आम्ही ताजा पाला गरम करून बाहेरून बांधतो. तुम्ही वाळवून, दारूत उकळून, उंदराच्या पोटात घालता. आणि मग निबंधात लिहिता, लोकवैद्यकातला उपयोग सिद्ध झाला.

प्राध्यापिका : अंगरस आणि काढा पोटातही देतात ना? ती परंपरा आमच्या प्रयोगाला जवळची आहे. पण बाहेरच्या पाल्याबद्दल तुमचं म्हणणं कबूल. पोटात दिलेल्या अर्काच्या निकालावरून शेकाविषयी काही म्हणता येत नाही.

मात्रेचा हिशेबही येथेच केलेला बरा, कारण तो बहुधा कुणी करत नाही. असे प्रयोग साधारणपणे दर किलो वजनाला 100 ते 500 मिलिग्रॅम अर्कावर होतात. उंदराची मात्रा माणसाला थेट लागू होत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ती बदलण्यासाठी मोठ्या उंदराच्या मात्रेला 6.2 ने भागण्याची रीत आहे. 200 मिलिग्रॅमला भागले की किलोमागे सुमारे 32 मिलिग्रॅम येतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 1.9 ग्रॅम अर्क. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क उतरतो असे धरले, तर त्याला 19 ग्रॅम वाळला पाला लागेल, आणि ताजा त्याच्या तीन-चार पट. हे पिण्याजोगे आहे. तोच परिणाम दिसायला 500 मिलिग्रॅमची मात्रा लागली असेल, तर रोजचा ताजा पाला दीडशे ते दोनशे ग्रॅमवर जातो. एवढा काढा कोणत्या घरात कोण पितो, हा प्रश्न निबंधलेखकाने स्वतःला विचारायला हवा.

प्राण्यांवरचे प्रयोग भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाहीत. आधी विषारीपणा पाहतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीनुसार थोड्या प्राण्यांना किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत एकच मात्रा देऊन चौदा दिवस लक्ष ठेवतात. त्यात कुणी दगावले नाही म्हणजे अर्क एका वेळेस जीवघेणा नाही, एवढेच कळते. रोज सहा महिने घेतल्यावर यकृताचे काय होईल, ते या चाचणीला विचारायचे नसते.

सुजेची सर्वांत रुळलेली चाचणी चार्ल्स विंटर आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मांडली. तिला लागणारे कॅराजीनन हे लाल समुद्रशेवाळापासून मिळते. आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच. विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांचे सहा-सहांचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी किंवा डिंकाचे पाणी, एकाला इंडोमेथासिन अथवा डायक्लोफिनॅक, आणि उरलेल्या गटांना अर्काच्या चढत्या मात्रा नळीने पोटात देतात. तासाभराने प्रत्येकाच्या मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात 1 टक्का कॅराजीननचे 0.1 मिलिलिटर टोचतात. घोट्याशी शाईची रेघ आधीच ओढलेली असते. पंजा त्या रेघेपर्यंत प्लेथिस्मोमीटरच्या पाण्यात बुडवायचा आणि किती पाणी सरकले ते वाचायचे. रेघेच्या जरा वर किंवा खाली बुडाला की आकडा बदलतो, आणि हातात धडपडणारा उंदीर काही स्थिर राहत नाही. म्हणून कोणत्या गटाचा उंदीर हातात आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावे. निबंधांत ही खबरदारी घेतल्याचा उल्लेख शोधावा लागतो.

वाचन दर तासाला, पाच-सहा तासांपर्यंत घेतात. पहिल्या तासाभराची सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांची असते, मग कायनिन द्रव्यांची, आणि साधारण अडीच तासांपुढची प्रोस्टाग्लँडिनची. तिसऱ्या तासाला पाणी दिलेल्या गटाचा पंजा सरासरी 0.80 मिलिलिटरने फुगला आणि अर्क दिलेल्या गटाचा 0.48 ने, तर सूज 40 टक्के रोखली गेली असे म्हणतात. हे आकडे फक्त हिशेब दाखवण्यापुरते आहेत.

वैद्य : पाचव्या तासानंतर त्या उंदराचं काय?

प्राध्यापिका : प्रयोग संपतो. बहुतेक वेळा उंदीरही.

वैद्य : आणि माझ्याकडची बाई वीस वर्षं भातलावणीत वाकलेली असते. तिच्या गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. तिची सूज आणि टोचून सहा तासांत आणलेली सूज एक कशी? शिवाय तुम्ही औषध देता सूज यायच्या आधी. माझ्याकडे सूज आल्याशिवाय कुणी येत नाही.

प्राध्यापिका : दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. ही चाचणी टिकली, कारण ॲस्पिरिन-इंडोमेथासिनच्या जातीची औषधं माणसात ज्या क्रमाने जोरकस ठरतात, साधारण तोच क्रम ती दाखवते. स्वस्तात, दिवसभरात चाळणी लावायला ती चांगली. जुन्या सुजेसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. कापसाची छोटी गोळी कातडीखाली ठेवून आठवडाभरात तिच्याभोवती किती ऊतक जमतं ते तोलायचं, किंवा फ्रॉइंडचं मिश्रण टोचून संधिवात आणायचा. दुसरीत औषध सूज आल्यानंतरही सुरू करता येतं. त्यांना वेळ लागतो, म्हणून त्या कमी होतात.

वैद्य : म्हणजे ॲस्पिरिनच्या गणगोतातलंच औषध तुमच्या चाळणीत अडकणार. दुसऱ्या वाटेने गुण देणारं खाली गळून जाणार.

प्राध्यापिका : ती भीती आहे.

वेदनेचे मोजमाप सुजेहून अवघड, कारण वेदना दिसत नाही, तिच्यावरची प्रतिक्रिया दिसते. लहान पांढऱ्या उंदराच्या पोटात सौम्य ॲसिटिक आम्ल टोचले, की तो पोट आखडून मागचे पाय ताणतो. ठरावीक मिनिटांत असे आळोखेपिळोखे किती वेळा होतात, ते मोजतात. ही चाचणी फार संवेदनशील आणि तितकीच भोळी आहे. स्नायू ढिले करणारी, गुंगी आणणारी औषधेही तीत पास होतात. दुसरी चाचणी साधारण 55 अंश तापमानाच्या तव्याची. उंदीर पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो, ते पाहतात आणि पंजा भाजू नये म्हणून सहसा पंधरा सेकंदांपर्यंत थांबून त्याला उचलून घेतात. मॉर्फिन येथे लख्ख दिसते, ॲस्पिरिन जवळजवळ दिसत नाही. फॉर्मॅलिनच्या चाचणीत दोन्ही गोष्टी एकाच उंदरात पाहता येतात. पंजात फॉर्मॅलिन टोचल्यावर पहिली पाच मिनिटे नसांची थेट आग, मग थोडी उसंत, आणि पंधराव्या मिनिटापासून सुजेतून येणारी वेदना. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबते, ॲस्पिरिनच्या जातीची औषधे मुख्यतः दुसरा.

श्रीलंकेच्या प्रयोगासह निर्गुडीच्या पानांवर अशा चाचण्यांचे अनुकूल निकाल एकाहून अधिक प्रयोगशाळांतून आले आहेत. त्यांच्यासोबत एक साधी चाचणी असली पाहिजे, आणि ती पुष्कळदा नसते. फिरत्या दांड्यावर उंदराला चालायला लावून तो पडतो का, ते पाहायचे. अर्काने गुंगी आली असेल, तर उंदीर तव्यावरून उडी मारणार नाही आणि आळोखेपिळोखेही देणार नाही. तो झोपाळलेला असेल. वेदनामुक्त असेलच असे नाही.

वैद्य : ज्या डायक्लोफिनॅकच्या बरोबरीने तुम्ही माझा पाला तोलता, त्यानेच गिधाडं संपवली ना?

प्राध्यापिका : हो. औषध दिलेलं गुरू मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं गेली. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक भारतात 2006 मध्ये बंद झालं. पण यातून निघतं ते तुमच्याही विरुद्ध जातं. गुराला सोसलं ते गिधाडाला सोसलं नाही. एका प्राण्यावरून दुसऱ्याबद्दल बोलताना जपावं लागतं, मग तो उंदीर असो की माणूस. आणि झाडातून आलं म्हणून सौम्य, हेही धरून चालता येत नाही.

औषध कसे काम करते याचा शोध पुढे पेशी आणि विकरांच्या पातळीवर जातो. अर्काने सायक्लोऑक्सिजिनेज रोखले का, पांढऱ्या पेशींनी सूज वाढवणारी द्रव्ये कमी सोडली का, नॅलोक्सोन दिल्यावर गुण नाहीसा होतो का, असे प्रश्न विचारले जातात. नॅलोक्सोनने गुण गेला, तर मॉर्फिनचा मार्ग आहे असे समजतात. काचेच्या नळीत मात्र कोणतेही फ्लॅव्होनॉइड भरपूर घातले की बरीच विकरे मंदावतात. रक्तात तेवढी पातळी गाठली जाते का, हे दाखवल्याशिवाय अशा निकालाला फार वजन देऊ नये.

माणसातली परीक्षा हा खरा कस. निर्गुडीवर अशा चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. गंमत अशी, की हेच झुडूप फिलिपीन्समध्ये लागुंदी म्हणून ओळखले जाते आणि तेथील सरकारी पाठबळाच्या संशोधनातून त्याच्या गोळ्या आणि सिरप बाजारात आले, पण ते खोकल्यासाठी. सांधेदुखीवरच्या आयुर्वेदीय औषधांची मोठी चाचणी कशी होते, याचे उदाहरण पुण्याचेच आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांना चिठ्ठीपद्धतीने चार गटांत वाटले. दोन गटांना आयुर्वेदीय मिश्रणे, एकाला ग्लुकोसामीन, एकाला सेलेकॉक्सिब. कुणाला काय मिळते ते रुग्णालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. 24 आठवड्यांच्या या चाचणीचा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला: आयुर्वेदीय मिश्रणांचा गुण इतर दोघांच्या बरोबरीचा. त्याच चाचणीत आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले आढळले. त्यांना त्रास काही नव्हता, पण रक्त तपासले नसते तर ते कळलेही नसते. वैद्यांच्या पक्षाने पहिले वाक्य उचलायचे आणि विरोधकांनी शेवटचे, असे या निबंधाचे नेहमी होते. तो दोन्ही वाक्यांसकट वाचावा.

वैद्य : त्या मिश्रणांत निरगुडी होती?

प्राध्यापिका : त्यात सुंठ, गुळवेल अशी द्रव्यं होती. तुमच्या गरम पाल्याची चाचणी वेगळीच करावी लागेल, आणि माझ्या मते तीच आधी करायला हवी. उंदीर नकोत, अर्क नको, पैसाही फार नको. अडचण एकच. ऊब.

वैद्य : म्हणजे?

प्राध्यापिका : नुसत्या उबेनेही आखडलेला सांधा मोकळा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा गुण निरगुडीचा की तव्याचा, ते वेगळं काढायचं. एका गटाला गरम निरगुडी, दुसऱ्याला तेवढंच गरम, पण औषधी नसलेलं दुसरं पान, तिसऱ्याला गार निरगुडी. एरंडेल एकतर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

वैद्य : औषधी नसलेलं पान? असं पान आमच्या शास्त्रात नाहीच हो. वड घ्याल तर औषध, पळस घ्याल तर औषध. फार तर केळीचं घ्या. त्याचा उपयोग आम्ही जेवायलाच करतो.

प्राध्यापिका : केळीच्या पानाच्या पट्ट्या चालतील. वासावरून मात्र रुग्ण ओळखणार. म्हणून बाहेरच्या फडक्याला सगळ्यांच्याच निरगुडीचं तेल लावायचं, कातडीला लागणार नाही असं. आणि गुडघा मोजणाऱ्याला गट कळू द्यायचा नाही.

ही योजना अमलात आणण्याजोगी आहे. कातडीवरच्या पाल्याचे तापमान 40 ते 42 अंशांदरम्यान तपासून ठेवावे, वीस मिनिटे बांधावे, दोन आठवडे रोज. वेदना 100 मिलिमीटरच्या रेघेवर रुग्णानेच खूण करून सांगावी. गुडघ्याचा घेर फितीने घ्यावा. प्रश्न मात्र आपल्या घरातले हवेत. जिना चढणे आणि खुर्चीतून उठणे यांच्या जोडीला मांडी घालता येते का, उकिडवे बसून उठता येते का, हे विचारलेच पाहिजे. गरम निर्गुडी गरम केळीपेक्षा सरस ठरली, तर पाल्यात काही आहे. बहुधा उडनशील तेलात, कारण ते कातडीतून आत शिरू शकते, तर साखरेशी जोडलेली जड ग्लायकोसाइडे धड कातडीतून शिरणे अवघड. दोन्ही पाने सारखीच ठरली, तर गुण उबेचा. मग पाला बांधणाऱ्याला बंद करायला सांगण्याचे कारण नाही, पण निर्गुडीच्या नावाचे महागडे मलम विकणाऱ्याला जाब विचारायला हरकत नाही.

वैद्य : आणि सरस ठरली, तर एकस्व कोण घेणार?

जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत 1995 मध्ये दोघा संशोधकांना मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्यादाखल ठेवून ते 1997 मध्ये रद्द करवून घेतले. 2002 च्या जैवविविधता कायद्याने व्यापारी लाभात स्थानिक समाजाला वाटा देण्याची तरतूद केली आणि गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली. वैद्याने आपली रीत, म्हणजे पाला केव्हा तोडायचा, किती गरम करायचा, कुणाला द्यायचा नाही, हे सारे त्या वहीत लिहवून घेणे त्याच्याच हिताचे.

कुणाला द्यायचा नाही, याबाबत दोघांत वाद नाही. कातडी फाटलेली, चिघळलेली असेल, तर पाला बांधू नये. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला गरम शेक धोक्याचा, कारण चटका बसलेला त्याला कळत नाही. गरोदरपणात काढा पोटात घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले संधिवाताचे औषध पाल्याच्या भरवशावर बंद करू नये. आणि एखादा सांधा अचानक लाल, टणक सुजून तापला असेल आणि अंगातही ताप असेल, तर आत पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी तवा तापवत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.